बेलाशी बोलायचं होतं

मार्थाची धाकटी बहीण बेला एका आठवड्यात मराठी विसरली. परदेशात राहून माणसं हळूहळू विसरतात, तसं नव्हे. एका रविवारी ती फोनवर वसईच्या कोळ्यांच्या बोलीत जवळ्याच्या चटणीची आठवण काढत होती. पुढच्या रविवारी तिच्याकडे ना ती बोली उरली होती, ना शाळेतलं मराठी, ना इंग्रजी. मधल्या दिवसांत तिला झटका आला होता. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली.

हे झालं दोन हजार सहाच्या नाताळाआधी, बोलिव्हिया नावाच्या देशातल्या एका डोंगरगावात. बेला तिथं सिस्टर होती, तीसेक वर्षं दवाखाना चालवत होती. बातमी वसईच्या पाचूबंदरला मार्थाच्या घरी पोचली तेव्हा अंगणात बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील सुकत होते. फोन सॅन्ड्रानं घेतला. सॅन्ड्रा ही मार्थाची मुलगी, सातिवलीच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला. इंग्रजी बोलायचं झालं की घरात तीच पुढे व्हायची. ती ऐकत गेली आणि आईकडे बघत गेली. मार्थानं हातातली टोपली खाली ठेवली.

"मेली काय गो?"

"नाही मम्मी. जिवंत आहे. पण बोलत नाही."

"बेला आनि बोलत नाय?"

मार्थाला हे मेल्याच्या बातमीपेक्षा अवघड वाटलं. बेलाला बोलायला तिनंच तर शिकवलं होतं. आय पहाटे टोपली घेऊन बाजाराला जायची, बा होडीवर. पाच वर्षांनी मोठ्या मार्थाच्या कडेवर बेला वाढली, तिला 'बाय' म्हणायची. पानी, मावरं, होडी, वारा, सगळे शब्द तिनं मार्थाच्या तोंडून उचलले, आणि एकदा बोलायला लागली ती थांबलीच नाही. मासे निवडताना बोलायची, रोजारच्या प्रार्थनेला गुडघे टेकल्यावर बोलायची, झोपेत बोलायची. आय म्हणायची, या पोरीच्या तोंडाला भरती-ओहोटी नाय, नुसती भरती.

मार्थाची शाळा सातवीत सुटली आणि टोपली तिच्या डोक्यावर आली. बेला मात्र शिकत राहिली. एकोणिसाव्या वर्षी तिनं घरात सांगून टाकलं की मी सिस्टर होणार. बा जेवणावरून उठून गेला. मार्थाचं लग्न तेव्हा सेबेस्टियनशी ठरलं होतं. ती म्हणाली, "तू गेलीस तर मी बोलू कोनाशी?"

"तुझा सेबेस्टियन हाय ना."

"तो कुठं बोलतो?"

दोघी खूप हसल्या होत्या. खरंच, सेबेस्टियन बोलणारा माणूस नव्हता. आजही नाही. पण बेला गेली ती गेली. आधी बंगलोर, मग नर्सिंग, मग एक दिवस विमानानं थेट बोलिव्हिया. तो देश कुठं आहे हे त्या वेळी पाचूबंदरात एका फादरांनाच ठाऊक असावं. एवढ्या वर्षांत ती तीनदा घरी आली. दर वेळी विमानतळावर निघताना म्हणायची, "बाय, पुढच्या खेपेला जास्त दिवस काढून येन." आय वारली तेव्हा तिच्या डोंगरातला रस्ता पावसानं वाहून गेला होता. ती येऊ शकली नाही. घरी फोन आल्यापासून दोघी बहिणी दर रविवारी बोलायच्या. बोलणं काहीच नसायचं. आज काय आणलंस, बाजारात कोन भेटली, पापलेट कसं गेलं. मार्थाचा आठवडा त्या बोलण्याभोवती फिरायचा. बाजारात काही घडलं की तिच्या मनात पहिलं यायचं, हे रविवारी बेलाला सांगायचं.

झटक्यानंतरही मार्थानं रविवारचा फोन सोडला नाही. तिकडची एखादी सिस्टर रिसीव्हर बेलाच्या कानाला धरायची. मार्था इकडून बोलत राहायची आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा.

ईस्टरच्या सुमारास मठाच्या मदरनी सॅन्ड्राला आनंदानं कळवलं की सिस्टर बेला बोलायला लागली. आधी शब्द, आता वाक्यंही. मार्थानं त्याच संध्याकाळी फोन लावायला लावला.

"बेला, मी बाय बोलते."

पलीकडून आवाज आला. तोच आवाज, थोडा जड झालेला. "किएन एस?"

"अगो मी. बाय."

"किएन एस? किएन एस?"

मार्था घाईघाईनं बोलू लागली. आयचं नाव घेतलं, बाचं घेतलं, होडीचंसुद्धा नाव घेतलं. पलीकडे बेला रडायला लागली. कुणीतरी तिच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

"काय इचारत होती गो ती?" मार्थानं सॅन्ड्राला विचारलं.

सॅन्ड्रानं ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर शोधून दुसऱ्या दिवशी सांगितलं, "'कोण आहे?' असं विचारत होती."

तिकडच्या डॉक्टरांचं म्हणणं पडलं की असं कधीकधी होतं. एक भाषा परत येते, बाकीच्या येत नाहीत. कोणती येईल ते सांगता येत नाही. बेलाची स्पॅनिश आली. आजाऱ्यांशी ती त्या भाषेत बोलली होती, प्रार्थना त्याच भाषेत केली होती, माणसं मरताना त्यांचे हात धरून ती त्याच भाषेत धीर देत आली होती. त्याच्या खाली जी पाचूबंदरची बोली होती तिथवर आता रस्ता नव्हता.

मदरनी आणखी एक गोष्ट सांगितली. वय झालेल्या, आजारी सिस्टरांना त्यांची संस्था मायदेशी पाठवते. मुंबईला संस्थेचं घर आहे, आणि कुटुंबाची तयारी असेल तर बेला पाचूबंदरच्या घरीही राहू शकेल. मात्र तिची स्वतःची इच्छा हवी. "आणि तिला हे मी विचारू शकत नाही," मदर म्हणाल्या. "आम्ही आज्ञापालनाचं व्रत घेतलेलं असतं. मी विचारलं तर ती हो म्हणेल, पण ते तिचं हो नसेल. तिच्या माणसानं विचारायला हवं."

सॅन्ड्रानं हे सगळं आईला समजावून सांगितलं. मार्था बोंबलाचे तुकडे करत होती. ती म्हणाली, "मग मी शिकते."

"काय शिकतेस?"

"ती जे बोलते ते."

"मम्मी, तुला इंग्रजी येत नाही."

"इंग्रजी कशाला? मना इंग्रजांशी बोलायचं नाय."

सेबेस्टियन ओटीवर जाळं विणत बसला होता. त्यानं मान वर केली, दोघींकडे पाहिलं आणि पुन्हा जाळ्यात घातली.

वसईत तेव्हा स्पॅनिश शिकवणारं कुणी नव्हतं. मुंबईला वर्ग होते, पण ते इंग्रजीतून, कॉलेजातल्या मुलांसाठी. सॅन्ड्रानं इंटरनेटवर खूप शोधलं तेव्हा ग्वातेमाला देशातली एक शिक्षिका सापडली. ती कॉम्प्युटरवर समोरासमोर दिसून शिकवत असे. तिचं नाव एल्विरा. सॅन्ड्रानं तिला सगळी हकिकत कळवली आणि शेवटी विचारलं, आईला फक्त मराठी येतं, चालेल का? एल्विराचं उत्तर आलं, "मला मराठी येत नाही. म्हणजे आम्ही दोघी सारख्याच."

सॅन्ड्रानं एक जुना कॉम्प्युटर घेतला, त्यावर मुठीएवढा कॅमेरा बसवला आणि ओळखीचा माणूस लावून ब्रॉडबँड घेतलं. ग्वातेमालाची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. त्यामुळे बाजाराला निघायच्या आधी मार्थाचा वर्ग भरायचा. पहिल्या दिवशी ती चर्चात मिस्साला जाताना नेसायचं लुगडं नेसून, केसांत फूल माळून कॉम्प्युटरसमोर बसली. पडद्यावर गोल चेहऱ्याची, दोन वेण्या घातलेली एक बाई आली. मार्था दचकली.

"ही आपल्यासारखीच दिसते गो," ती सॅन्ड्राला म्हणाली.

एल्विरानं हात हलवला आणि छातीवर बोट ठेवून म्हणाली, "एल्विरा." मग तेच बोट पडद्यातून मार्थाकडे केलं.

"मार्था."

"मार्ता!" एल्विराला आनंद झाला. हे नाव त्यांच्याकडेही होतं.

मग ती एकेक वस्तू कॅमेऱ्यासमोर धरू लागली. साबणाची वडी धरली आणि म्हणाली, "हाबोन."

मार्था म्हणाली, "साबन."

"नो, नो. हा-बोन."

"तेच ते. सा-बन."

एल्विराला वाटलं, बाईला उच्चार जमत नाही. मार्थाला वाटलं, हिला आपलं पटत नाही. मार्था उठली, न्हाणीतून स्वतःची साबणाची वडी घेऊन आली आणि कॅमेऱ्याला लावून मोठ्यानं म्हणाली, "साबन!" तेव्हा कुठं एल्विराच्या लक्षात आलं आणि ती तोंडावर हात ठेवून हसली. बालदीचं तसंच झालं, ती निघाली 'बाल्दे'. पगार निघाला 'पागार'. स्पॅनिशच्या जवळची भाषा बोलणारे पोर्तुगीज कधीकाळी वसईत सोडून गेलेले हे शब्द मार्थाच्या घरात रोजच्या वापरात होते. पण तिला त्याचं नवल नव्हतं. तिला वाटलं, सगळीच भाषा अशी असणार, दोन महिन्यांत संपेल.

तशी ती नव्हती. पुढचं सगळं डोंगरासारखं होतं. काल पाठ केलेला शब्द आज बाजारात मासे कापता कापता निसटून जायचा. 'मी जाते, तू जातेस, ती जाते' यांची प्रत्येकाची वेगळीच रूपं. मार्था टोपलीमागे बसून पुटपुटत राहायची आणि गिऱ्हाईक विचारायचं, "मावशी, काय रोजारची माळ जपता काय?" शेजारी बसणाऱ्या बायका डोक्याजवळ बोट फिरवून दाखवायच्या. पावसाळ्यात वीज जायची आणि एल्विरा वाक्याच्या मध्येच नाहीशी व्हायची. मग मार्था काळ्या पडद्यासमोर तशीच बसून राहायची, वीज परत येईपर्यंत.

एकदा एल्विरानं माशाचं चित्र दाखवून सांगितलं, पाण्यात असतो तो 'पेस', पकडून आणला की तो 'पेस्कादो'. मार्थाला हे फार आवडलं. तिनं हातवारे करून विचारलं, जाळ्यात आला आहे पण अजून उडतोय, त्याला काय म्हणायचं? एल्विरा विचारात पडली. तिनं घरातल्या सगळ्यांना बोलावून विचारलं. त्यांच्यात वाद झाला आणि त्या दिवशीचा वर्ग त्यातच संपला.

मार्थाचा सगळ्यात जास्त घोळ झाला तो 'आहे' या शब्दात. आपल्याकडे एक 'आहे', त्यांच्याकडे दोन. माणूस मुळात जो असतो तो 'सोय'. आत्ता कुठं आहे, कसा आहे, ते 'एस्तोय'. मी मार्था सोय. मी घरात एस्तोय. मी कोळीण सोय. मी दमलेली एस्तोय. एल्विरा म्हणायची, एस्तोय बदलतं, सोय बदलत नाही. मार्था ते घोकत राहिली.

वर्ष होत आलं तेव्हा दोघींना एकमेकींच्या घरचं बरंच कळू लागलं होतं. एल्विरानं एकदा सांगितलं की स्पॅनिश तिचीही आईची भाषा नाही. तिच्या आईची भाषा काक्चिकेल. स्पॅनिश ती शाळेत गेल्यावर शिकली, छड्या खाऊन. मार्थाला हे नीट कळायला तीन वेळा ऐकावं लागलं. कळल्यावर ती म्हणाली, "पोब्रे." बिचारी.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात तिकडच्या चर्चच्या ऑफिसात कॅमेऱ्याचा कॉम्प्युटर आला आणि बहिणींची भेट ठरली. मदरनी आधीच सावध केलं होतं, बेला मधूनमधून आईबद्दल विचारते. ती गेल्याचं तिच्या लक्षात राहिलेलं नाही. मार्थानं एल्विराला विचारलं, हे कसं सांगायचं? एल्विरानं दोन वाटा दाखवल्या. 'मुरिओ', म्हणजे मेली. किंवा हळुवारपणे, 'से फुए', म्हणजे गेली.

"आमच्यातपन तसंच म्हनतात," मार्था आपल्याशीच म्हणाली. तिनं दुसरी वाट धरली.

रविवार आला. पडद्यावर चाकांच्या खुर्चीतली बेला दिसली. डोक्याला कापड नव्हतं, केस पांढरे आणि आखूड होते, तोंडाचा एक कोपरा खाली ओढलेला. मार्थानं शब्दांची जुळवाजुळव करून ठेवली होती, ती सगळी विस्कटली. शेवटी एवढंच आलं, "बेला. सोय मार्ता. तू एर्माना." मी मार्था. तुझी बहीण.

बेलानं पुढे वाकून पडद्याजवळ तोंड आणलं. खूप वेळ बघितलं. मग सावकाश म्हणाली, "मार्ता. तू म्हातारी झालीस."

मार्थाला त्यातला शब्दन् शब्द कळला. ती हसली आणि पदर तोंडाला लावला.

"मामा कुठं आहे?" बेलानं विचारलं. मामा म्हणजे आय.

"मामा से फुए," मार्था म्हणाली. गेली.

"कुठं?"

बेला सरळ, लहान मुलीसारखी बघत होती. तिला 'गेली'चा एकच अर्थ उरला होता. आय बाजाराला गेली की कडेवरची बेला हेच विचारायची, कुठं गेली, कवा येल.

"मुरिओ," मार्थाला म्हणावं लागलं. "मामा मुरिओ, बेला."

बेलाचा चेहरा वाकडा झाला. ती रडली, जशी सात वर्षांपूर्वी आय गेल्याचं कळल्यावर रडली असेल तशी, आणि या वेळी मार्थाला ते बघावं लागलं. पण ती रडत असताना मार्था तिच्याशी बोलू शकत होती. जेवढं येत होतं तेवढं ती बोलली. मामा झोपेत गेली. मामाला त्रास झाला नाही. मामानं तुझं नाव घेतलं. तिसरं वाक्य खरं होतं की नाही ते मार्थानं कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर दर रविवारी संध्याकाळी भेटी होऊ लागल्या. तिकडे सकाळ असायची. मार्थानं खाडीच्या बाजूची खोली रिकामी केली. त्यात सेबेस्टियनची जाळी, दोर, बोये होते. त्यानं सगळं बाहेर काढलं, स्वतः चुना लावला, उंच कमोड बसवून घेतला आणि भिंतीला धरायला दांडी ठोकली. ती दांडी त्यानं आपलं सगळं वजन टाकून तीनदा ओढून पाहिली. खिडकीखाली मार्थानं खाट घातली. शेजारच्या बायका येऊन खोली बघून गेल्या. बेला कवा येते? येल, येल, मार्था म्हणायची, मना फक्त इचारायचंय.

पण विचारायला तिनं उशीर लावला. एल्विराकडून ते वाक्य घासूनपुसून घेतलं होतं. रोज पाण्याला जाताना ती ते म्हणायची, तरी रविवार आला की दुसरंच काही बोलायची. अखेर गणपतीच्या सुट्टीत, सॅन्ड्रा शेजारी बसलेली असताना, तिनं विचारलं.

"बेला, किएरेस वेनीर आ कासा?" तुला घरी यायचंय का?

मार्थाला वाटलं, ऐकू गेलं नाही. ती पुन्हा विचारणार एवढ्यात बेलानं डावा हात वर केला, थांब म्हणून.

"मार्ता," ती म्हणाली, "यो सोय दे आकी."

मी इथली आहे.

पुढेही ती काही बोलली. इथं माझी माणसं आजारी पडतात, मला बघायला येतात. माझ्या सोबतच्या सिस्टरांच्या कबरी वरच्या टेकडीवर आहेत, त्यांच्या शेजारी जागा आहे. मार्थाला अर्धवट ऐकू आलं. तिच्या कानात तो एकच शब्द राहिला होता. बेला 'एस्तोय' म्हणाली नव्हती.

"काय म्हणाली?" सॅन्ड्रानं विचारलं.

"नाय येत म्हनाली," मार्था म्हणाली आणि उठून चुलीकडे गेली.

त्यानंतर काही आठवडे ती कॉम्प्युटरसमोर बसली नाही. सकाळचा वर्ग नाही, रविवारही नाही. बाजाराला लवकर जायची, उशिरा यायची. सेबेस्टियननं खोलीचं दार लोटून घेतलं, पण जाळी काही परत आत ठेवली नाहीत. सॅन्ड्रानं एल्विराला कळवलं. एल्विरा म्हणाली, एकदा तरी बसवा तिला माझ्यासमोर.

मार्था बसली. नमस्कार नाही, चौकशी नाही. तिनं सरळ विचारलं, "मी कसं विचारलं ते ऐक. बरोबर होतं का सांग." आणि ते वाक्य म्हणून दाखवलं.

"बरोबर होतं," एल्विरा म्हणाली.

"पुन्हा ऐक. 'आ कासा' म्हणायचं का दुसरं काही? ती वेगळं काही समजली असेल."

"नाही मार्ता. एकही चूक नव्हती."

मार्थाला चूक निघायला हवी होती. चूक निघाली असती तर पुन्हा विचारता आलं असतं. ती पडद्यापुढे मान खाली घालून बसली. एल्विरा म्हणाली, "माझी आई गावाला आहे. दर वेळी म्हणते, शहर सोड, घरी ये. मी म्हणते, आई, माझं घर इथं आहे. ती फोन ठेवून देते. पण चार दिवसांनी तीच फोन करते."

"ती पुन्हा विचारते?"

"नाही. कोंबड्यांबद्दल बोलते."

त्या रविवारी मार्था पुन्हा बेलासमोर बसली. बेलानं पहिलं विचारलं, "मार्ता, तू रागावलीस?"

"नाही," मार्था म्हणाली. आणि मग, बाजारात कोण भेटली, पापलेट कसं गेलं, शेजारणीच्या मांजरानं वलांडीवरचे किती बोंबील पळवले, हे सगळं मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगायला लागली. बेला हसली. तिला मांजराचं दोनदा ऐकायचं होतं.

असे रविवार गेले. नाताळ गेला. पुढच्या वर्षी, फेब्रुवारीच्या अखेरीस, बेला एकदा बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, "मार्ता, इथं समुद्र नाही."

मार्थाला हे माहीत नव्हतं. सॅन्ड्रानं नकाशात पाहून सांगितलं, खरंच, त्या देशाला समुद्रच नाही. चहूबाजूंनी जमीन. मार्थानं खिडकीबाहेर पाहिलं. समुद्र नसलेला देश असू शकतो आणि आपली बहीण एवढी वर्षं तिथं राहिली, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"मला दाखव," बेला म्हणाली.

घरातला कॉम्प्युटर उचलून नेण्यासारखा नव्हता. सॅन्ड्रानं ऑफिसातून साहेबांची परवानगी काढून लॅपटॉप आणि नेटचं कार्ड मिळवलं. रविवारी ऊन उतरल्यावर तिघं किनाऱ्यावर गेली. सेबेस्टियनही आला. तो लॅपटॉपवर ऊन पडू नये म्हणून छत्री धरून उभा राहिला. भरती लागली होती. होड्या हलू लागल्या होत्या.

चित्र धड येत नव्हतं. बेलाचा चेहरा मध्येच चौकोनांचा होऊन जायचा. पण आवाज येत होता.

"दिसतंय?" मार्थानं विचारलं.

"थोडं," बेला म्हणाली. "जवळ ने."

मार्था पुढे गेली. पाणी पावलांना लागलं.

"मास," बेला म्हणाली. आणखी.

"मम्मी, ऑफिसचा आहे तो!" मागून सॅन्ड्रा ओरडली. मार्थानं एका हातानं लुगडं खोचलं, दोन्ही हातांनी लॅपटॉप डोक्याइतका उंच धरला आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. लाट आली, फुटली, मागे सरली. पलीकडे बेलानं डोळे मिटले होते आणि ती ऐकत होती. मार्थानं लॅपटॉप समुद्राकडे वळवला. आता तिला बेला दिसत नव्हती, फक्त तिचा श्वास ऐकू येत होता, लाटांच्या मधल्या जागेत.

"ये ना गो घरी," मार्था हळूच म्हणाली. आपल्या बोलीत. त्या ईस्टरच्या फोननंतर ती बेलाशी त्या बोलीत बोललीच नव्हती.

"काय म्हणालीस?" बेलानं तिकडून स्पॅनिशमध्ये विचारलं.

"नादा," मार्था म्हणाली. काही नाही. आणि दमलेले हात तिनं आणखी थोडे वर उचलले, कारण मोठी लाट येताना दिसत होती.